तारामती ते आनंदीबाई : दुर्गा खोटे यांचा अभिनयप्रवास

मराठी रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या इतिहासात दुर्गा खोटे यांचे नाव आले की त्याच्या आधी एक विशेषण ठरलेले असते. सुशिक्षित, कुलीन घराण्यातून चित्रपटात आलेली पहिली स्त्री, असे त्यांचे वर्णन केले जाते. हे वर्णन गेली कित्येक दशके इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटलेली नाही. वास्तविक हे विशेषण दुर्गाबाईंच्या अभिनयाविषयी काहीच सांगत नाही. अभिनय करण्यापूर्वी त्या कोणाच्या कन्या होत्या आणि कोणाच्या स्नुषा होत्या, एवढेच ते सांगते. पन्नास वर्षे कॅमेऱ्यासमोर आणि त्यांतील बराच काळ रंगमंचावरही वावरलेल्या कलावतीचे मोल तिच्या माहेर-सासरच्या प्रतिष्ठेवरून ठरावे, यात तिच्यावर अन्याय आहेच. शिवाय तिच्या आधी या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांवरही तो आहे.

या पूर्वसूरींचा विचार प्रथम केला पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. पुढे ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मात्र १९१३ सालीच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत आणि मोहिनीच्या भूमिकेत त्यांची अल्पवयीन कन्या कमलाबाई (पुढील काळातील कमलाबाई गोखले) पडद्यावर आल्या, ही गोष्ट त्या मानाने कमी वेळा सांगितली जाते. पतीपासून विभक्त झाल्यावर लहान मुलीसह फिरत्या नाटक मंडळीचा आश्रय घेणाऱ्या या स्त्रीला समाजाने कुलीनतेच्या यादीतून वगळले, आणि इतिहासकारांनीही बहुधा तोच निवाडा कायम ठेवला. दुर्गा खोटे यांना ‘पहिली’ म्हणताना त्यापूर्वीच्या अठरा वर्षांतील सर्व अभिनेत्री कोणत्या तरी अर्थाने गणतीत न धरण्याजोग्या होत्या, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक बाजूला ठेवले, तरच दुर्गाबाईंची खरी कामगिरी दिसू लागते.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे नाव विठा लाड. वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर. मूळचे गोव्याचे, कोकणी बोलणारे हे कुटुंब गिरगावातील कांदेवाडीत राहत असे. एकत्र कुटुंबाचा मोठा गोतावळा, सणवार, पाहुण्यांची वर्दळ आणि त्याच वेळी इंग्रजी वळणाची राहणी, अशा दुहेरी संस्कारांत त्यांचे बालपण गेले. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. घरात कोकणी, शाळेत इंग्रजी, शेजारपाजारी गिरगावची मराठी, अशा भाषांच्या सरमिसळीत त्या वाढल्या. ही बाब पुढे त्यांच्या वाणीचा विचार करताना महत्त्वाची ठरते. त्यांची मराठी एखाद्या पेठेची किंवा एखाद्या नाटक मंडळीची नव्हती. ती त्यांना घडवावी लागली.

वयाची विशी गाठण्यापूर्वीच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. खोटे घराणे धनाढ्य होते. परंतु काही वर्षांतच घराण्याची आर्थिक स्थिती ढासळली. बकुल आणि हरिन या दोन लहान मुलांची जबाबदारी, ऐश्वर्याची सवय असलेले घर आणि उत्पन्नाचा भरवसा नाही, अशी परिस्थिती उभी राहिली. शिकलेल्या स्त्रीला त्या काळी जे मोजके मार्ग मोकळे होते त्यांपैकी शिकवण्यांचा मार्ग त्यांनी प्रथम चोखाळला. त्यातून संसार चालण्यासारखा नव्हता. त्या चित्रपटाकडे वळल्या त्या उदरनिर्वाहासाठी. कलेची ओढ किंवा समाजसुधारणेचा आवेश या गोष्टी नंतरच्या चरित्रकारांनी त्यात मिसळल्या आहेत. स्वतः दुर्गाबाईंनी आपल्या आत्मकथनात गरजेचे हे कारण कधीच झाकलेले नाही, आणि त्यांच्या स्वभावातील हा रोखठोकपणा त्यांच्या अभिनयातही उतरलेला दिसतो.

प्रारंभ मात्र मुळीच गौरवास्पद नव्हता. मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटात एका छोट्या कामासाठी मुलगी हवी होती. विचारणा झाली होती ती दुर्गाबाईंच्या भगिनी शालिनी यांच्याकडे, जे. बी. एच. वाडिया यांच्यामार्फत. शालिनी यांनी नकार दिला आणि बहिणीचे नाव सुचविले. चित्रपट सुमार निघाला. सॉलिसिटरची मुलगी, श्रीमंत घरची सून पडद्यावर नाचली-गायली, याची चर्चा गिरगावात झाली आणि ती सर्वस्वी उपहासाची होती. कुलीनतेचे जे भांडवल पुढे जाहिरातीत वापरले गेले, त्याची किंमत प्रथम अशी चुकवावी लागली. त्या वेळी त्यांनी हे क्षेत्र कायमचे सोडले असते, तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते.

तसे घडले नाही, याचे श्रेय व्ही. शांताराम यांच्या नजरेला द्यावे लागेल. ‘प्रभात फिल्म कंपनी’ १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली होती आणि बोलपटाच्या आगमनानंतर ती आपला पहिला बोलपट काढण्याच्या तयारीत होती. विषय होता हरिश्चंद्राचा. फाळक्यांनी ज्या कथेने भारतीय चित्रपटाचा पाया घातला तीच कथा. ‘फरेबी जाल’सारख्या फसलेल्या चित्रपटातून शांतारामांनी तारामती हेरली. ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. मराठी भाषेतील हा पहिला बोलपट. त्याची हिंदी आवृत्ती ‘अयोध्या का राजा’ त्याच्याबरोबरच तयार झाली. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच. गंगानाथाच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर आणि नारदाच्या भूमिकेत मास्टर विनायक होते.

या चित्रपटाचे तांत्रिक स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय दुर्गाबाईंच्या कामाचे मूल्य कळणार नाही. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. चित्रण चालू असतानाच नटाने गायचे, वादकांनी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसून साथ करायची आणि ध्वनिग्राहक कोठेतरी दडवून ठेवायचा, अशी पद्धत होती. आवाज पोहोचावा म्हणून नटाला हालचालीवर मर्यादा घालाव्या लागत. नाटकातून आलेल्यांना मोठ्याने बोलण्याची सवय होती, मूकपटातून आलेल्यांना बोलण्याचीच नव्हती. दुर्गाबाई या दोहोंपैकी कोणत्याच परंपरेतून आलेल्या नव्हत्या. गाण्याची तालीमही त्यांना टेंब्यांकडून तेथेच घ्यावी लागली. तरीही त्यांची तारामती आज पाहताना, ‘आलम आरा’ नष्ट झालेला असला तरी ‘अयोध्येचा राजा’ सुदैवाने उपलब्ध असल्याने ती पाहता येते, सर्वात आधी जाणवते ती त्यांची उभी राहण्याची ढब. दासी म्हणून विकली गेल्यावरही या राणीचे खांदे पडत नाहीत. दुःख त्यांच्या चेहऱ्यावर पसरण्यापूर्वी क्षणभर थबकते. गाणे साधेच आहे, त्यात तानांची आतषबाजी नाही. पण शब्द स्पष्ट येतात आणि त्यांचा अर्थ गाणाऱ्या व्यक्तीला कळलेला आहे, याची खात्री पटते.

येथे एका गोष्टीचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. १९३२ साली मराठी प्रेक्षकांच्या मनातील आदर्श स्त्रीप्रतिमा एका पुरुषाने घडविलेली होती. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू पाहून स्त्रियांनी पदर घ्यावा कसा आणि बोलावे कसे, याचे धडे घेतले होते. रंगभूमीवर हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेने स्त्री-पुरुषांची मिश्र नाटके सुरू करून फार काळ लोटलेला नव्हता. ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मधून ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर यायला अजून एक वर्ष अवकाश होता. अशा वेळी स्त्रीने स्त्रीची भूमिका करणे हेच एक प्रकारे तुलनेला निमंत्रण होते. तो नाजूक विभ्रम, ते लडिवाळ बोलणे दुर्गाबाईंनी उचलले असते, तर त्या एका थोर नटाच्या नकलेची नक्कल ठरल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. कदाचित नाटक मंडळीत त्या वाढल्या नव्हत्या म्हणूनच हे त्यांना शक्य झाले. अण्णा साळुंक्यांच्या तारामतीपासून दुर्गा खोटे यांच्या तारामतीपर्यंत एकोणीस वर्षांचे अंतर आहे. परंतु मराठी स्त्रीप्रतिमेच्या दृष्टीने ते अंतर वर्षांत मोजण्यासारखे नाही.

‘प्रभात’नेच लगोलग ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) काढला. पुरुषांना थारा नसलेल्या स्त्रीराज्याची राणी किलोतला ही दुर्गाबाईंची भूमिका. पायाशी चित्ता बसलेला आणि सिंहासनावर ही राणी, हे दृश्य त्या पिढीच्या प्रेक्षकांच्या स्मरणात आयुष्यभर राहिले. चित्ता खराखुरा होता. तारामती सोसणारी, तर किलोतला हुकूम सोडणारी. पहिल्याच वर्षात दोन टोकांच्या भूमिका वाट्याला आल्या आणि त्यांपैकी दुसरी त्यांना अधिक शोभली, असे निःसंकोचपणे म्हणता येईल. मराठी चित्रपटातील नायिका त्या काळी आणि नंतरही बहुतांशी सोशिकतेच्या बळावर उभी होती. दुर्गाबाईंच्या व्यक्तिमत्त्वात एक अधिकार होता आणि त्याला भूमिका मिळत गेल्या, हे त्यांचे भाग्य तसेच त्यांच्या दिग्दर्शकांची चोखंदळ दृष्टीही.

याच अधिकाराचे सर्वात प्रगल्भ रूप १९३६ च्या ‘अमरज्योती’त दिसते. मातृत्वाचा हक्क कायद्याने नाकारलेली सौदामिनी राज्याविरुद्ध बंड करून समुद्री चाच्यांची नायिका होते. स्त्रीला स्वतःच्या अपत्यावर अधिकार नाही, कारण ती स्त्री आहे, हा प्रश्न पौराणिक-कल्पनारम्य वेषांतून का होईना, इतक्या थेटपणे पूर्वी क्वचितच मांडला गेला होता. चंद्रमोहन आणि शांता आपटे यांच्यासारखे तेजस्वी सहकलाकार असतानाही चित्रपटाचा गुरुत्वमध्य सौदामिनीच राहते. सूडाच्या आवेगात तिच्यातील माया गोठत जाते आणि ती पुन्हा वितळते, हा प्रवास दुर्गाबाईंनी आवाजाच्या पट्ट्या बदलून दाखविला आहे. आरडाओरडा कोठेही नाही. या चित्रपटाची निवड व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवासाठी झाली होती. त्यापूर्वी देवकी बोस यांचा ‘सीता’ (१९३४) हा दुर्गाबाईंची भूमिका असलेला चित्रपटही तेथे दाखविला गेला होता.

‘सीता’चा उल्लेख आला म्हणून त्यांच्या व्यवसायदृष्टीविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. त्या काळात नटनटी मासिक पगारावर कंपनीशी बांधलेल्या असत. एका कंपनीचा कलावंत दुसरीत काम करीत नसे. दुर्गाबाईंनी हा नियम मोडला. कोल्हापुरात ‘प्रभात’, कलकत्त्यात ‘न्यू थिएटर्स’ (देवकी बोस यांचा ‘राजरानी मीरा’) आणि ‘ईस्ट इंडिया फिल्म कंपनी’, मुंबईत ‘प्रकाश’, ‘मिनर्व्हा’ अशा अनेक संस्थांत त्या भूमिकेनुरूप काम करीत गेल्या. स्वतंत्र कलावंत म्हणून टिकून राहणे त्या काळी पुरुषालाही सोपे नव्हते. एका स्त्रीने, दोन मुलांचे पालनपोषण करीत, शहरे बदलत हे करावे, याला धाडसापेक्षा हिशेबी विवेक म्हणणे अधिक योग्य होईल. चित्रपटनिर्मितीतही त्या तिशीतच उतरल्या. ‘सवंगडी’ (हिंदीत ‘साथी’) हा त्या प्रयत्नाचा भाग. कुलीनतेची कथा सांगणारे लेखक या व्यावसायिक बाजूकडे सहसा वळत नाहीत, कारण व्यवहार सांभाळणारी स्त्री त्या कथेत नीट बसत नाही.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये, त्यांनी आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’त खाष्ट सासूची भूमिका स्वीकारली. नायिकेच्या भूमिकेत वनमाला होत्या. नायिकेने सासू होणे म्हणजे कारकिर्दीचा शेवट, असा समज तेव्हा होता आणि तो पूर्णतः मावळला आहे, असे म्हणवत नाही. दुर्गाबाईंनी ही पायरी विनातक्रार ओलांडली आणि त्यामुळेच पुढील चाळीस वर्षे त्यांना काम मिळत राहिले. लगेच १९४२ मध्ये विजय भट्ट यांच्या ‘भरतभेट’मध्ये त्या कैकेयी झाल्या, आणि १९४३ मध्ये सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये मृणालवती. कन्हैयालाल मुनशींच्या कादंबरीतील ही राजस्त्री कठोर वैराग्याने स्वतःला जखडून घेते आणि कैद केलेल्या शत्रूच्या, मुंजाच्या, निर्भयतेपुढे आतून ढासळू लागते. मोदींच्या घनगंभीर संवादफेकीसमोर उभे राहणे हे भल्याभल्यांना जमले नाही. दुर्गाबाईंनी तेथे बरोबरी साधली, आणि तीही आवाज न चढविता. मोदी जेथे शब्द फेकतात, तेथे त्या शब्द रोखून धरतात. त्यांच्या पडद्यावरील कामात ‘अमरज्योती’च्या खालोखाल या भूमिकेला स्थान द्यावे लागेल.

मात्र एवढ्यावर त्यांचे मूल्यमापन थांबले, तर ते अपुरे राहील. मराठी रसिकांच्या मनात दुर्गाबाईंचे खरे घर रंगभूमीवर आहे.

चाळीसच्या दशकात मराठी रंगभूमीची स्थिती बिकट होती. बोलपटाने प्रेक्षक नेले, जुन्या मंडळ्या बंद पडल्या, नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. १९४३ मध्ये मराठी रंगभूमीला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने जो उत्साह निर्माण झाला, त्याला डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या नेतृत्वाखाली मुंबई मराठी साहित्य संघाने गिरगावात चिरस्थायी रूप दिले. संघाच्या नाट्योत्सवांत जुनी गाजलेली नाटके नव्या संचात सादर होऊ लागली आणि नवी नाटकेही आली. या चळवळीत चित्रपटातील नामवंत अभिनेत्रीने सामील होणे ही साधी गोष्ट नव्हती. पैशाच्या दृष्टीने तर तो तोट्याचाच मामला होता. ज्या गिरगावाने ‘फरेबी जाल’च्या वेळी त्यांची टर उडविली, त्याच गिरगावातील रंगमंचावर त्या आता उभ्या राहिल्या. ‘कीचकवध’, ‘भाऊबंदकी’, ‘वैजयंती’, ‘कौंतेय’, ‘राजमुकुट’, ‘शोभेचा पंखा’, ‘पतंगाची दोरी’ अशी त्यांच्या नाटकांची यादी आहे. ‘इप्टा’शीही त्यांचा संबंध होता.

या सर्वांत ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई ही त्यांची शिखरभूमिका होय. कृ. प्र. खाडिलकरांचे हे गद्य नाटक १९०९ चे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाभोवती ते उभे आहे. मूळ प्रयोग ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’चे, आणि तिथे आनंदीबाईची भूमिका अर्थातच पुरुष नट करीत असे. म्हणजे तारामतीप्रमाणे ही दुसरी मोठी भूमिकाही दुर्गाबाईंना पुरुषांच्या परंपरेकडून वारशाने मिळाली. खाडिलकरांच्या नाटकावर ‘मॅक्बेथ’ची छाया आहे, हे समीक्षकांनी पूर्वीच नोंदविले आहे. राघोबाची महत्त्वाकांक्षा कचरते तेव्हा आनंदीबाई तिला धार लावते. राघोबाला पश्चात्ताप ग्रासतो तेव्हा ती त्याला सावरू पाहते. लोकमानसात आनंदीबाई ही ‘ध’चा ‘मा’ करणारी कपटी बाई एवढीच उरली आहे. १९४४ च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात ललिता पवार यांनी उभी केलेली आनंदीबाई प्रभावी होती, पण ती मुख्यतः या लोकप्रतिमेच्या जवळची होती.

दुर्गाबाईंच्या आनंदीबाईचा जो लौकिक झाला त्याचे मर्म निराळे होते. राघोबाच्या भूमिकेत नानासाहेब फाटक असत. त्यांचा खणखणीत आवाज आणि भावनेचे मोठमोठे चढउतार रंगमंच व्यापून टाकीत. त्यांच्यासमोर दुर्गाबाईंनी आनंदीबाईला कारस्थानी न करता राज्यकर्ती केली. राज्याचा हक्क आपल्या पतीचा आहे आणि तो त्याला मिळालाच पाहिजे, ही त्या व्यक्तिरेखेची श्रद्धा मानून त्यांनी ती वठविली. दुष्टपणा दाखविण्यासाठी भुवया उंचावणे, ओठ मुडपणे असल्या क्लृप्त्यांचा आधार त्यांनी घेतला नाही. किलोतला, सौदामिनी, कैकेयी, मृणालवती या सगळ्या सत्ताकांक्षी किंवा सत्ताधारी स्त्रियांचा अनुभव या एका भूमिकेत एकवटला होता. १९५४ मध्ये दिल्लीत भरलेल्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात संघाच्या ‘भाऊबंदकी’चा गौरव झाला आणि मराठी गद्य नाटकाची ताकद इतर भाषकांना दिसली.

त्याच सुमारास वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’चे ‘राजमुकुट’ हे रूपांतर केले. तेथेही फाटक आणि दुर्गाबाई हीच जोडी होती. खाडिलकरांच्या आनंदीबाईकडून तिच्या मूळ स्रोताकडे, लेडी मॅक्बेथकडे जाण्याचा हा योग एखाद्या अभिनेत्रीच्या आयुष्यात दुर्मीळच म्हणावा लागेल. ‘राजमुकुट’ला ‘भाऊबंदकी’इतके आयुष्य लाभले नाही. शिरवाडकरांची काव्यमय भाषा आणि शेक्सपिअरची कठोर घटनासाखळी यांचा मेळ प्रयोगात कितपत बसला, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. दुर्गाबाईंच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चित्रपटात आईच्या भूमिकांचा ठरावीक साचा त्यांच्याभोवती पडू लागलेला असताना, रंगभूमीने त्यांना गुंतागुंतीच्या स्त्रिया दिल्या. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना मराठी रंगभूमीवरील अभिनयासाठी पुरस्कार दिला. त्यांना १९६८ मध्ये मिळालेली पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार यांचा उल्लेख सर्वत्र होतो. अकादमीचा हा पुरस्कार मात्र मागे पडतो, हे आपल्याकडील चित्रपटाच्या वरचष्म्याला साजेसेच झाले.

नंतरच्या चित्रपटांविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरे. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई सर्वपरिचित आहे. पती सम्राट आणि पुत्र बंडखोर, यांमध्ये सापडलेल्या या राणीला संवाद तुलनेने कमी आहेत. पृथ्वीराज कपूर यांच्या गर्जनेसमोर दुर्गाबाईंचे मौनच बोलते. गंमत अशी की, हेच पृथ्वीराज ‘सीता’त त्यांचे राम होते. ‘बावर्ची’, ‘अभिमान’, ‘बॉबी’, ‘बिदाई’, ‘कर्ज’ असे चित्रपट सत्तरीच्या दशकात आणि त्यानंतर आले. ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘बॉबी’तील गोमंतकीय ख्रिस्ती आजी, मिसेस ब्रगान्झा, ही भूमिका त्यांच्या गोव्याच्या मुळांची आठवण करून देणारी आणि त्यांच्यातील खेळकरपणा दाखविणारी म्हणून वेगळी पडते. हिंदी चित्रपटाने त्यांना प्रेमळ आई आणि आजी म्हणून लक्षात ठेवले. किलोतलेचा चित्ता ज्यांनी पाहिला नव्हता, त्या पिढीला ही आजी एकेकाळी कशी हुकमत गाजवीत होती याची कल्पना येणे कठीणच होते.

पडद्यामागचे त्यांचे काम याहून कमी ज्ञात आहे. ‘फॅक्ट फिल्म्स’ आणि पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ या संस्थांमार्फत त्यांनी अनेक लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट काढले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘वागळे की दुनिया’ ही आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेली, कुंदन शाह दिग्दर्शित मालिका याच संस्थेची निर्मिती होय. सिंहासनावर बसलेल्या राण्या आयुष्यभर रंगविलेल्या स्त्रीच्या संस्थेने मध्यमवर्गीय कारकुनाच्या घरातील किरकोळ अडचणींची ही गोष्ट घराघरांत पोहोचविली, तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.

खासगी आयुष्यात आघात चुकले नाहीत. धाकटे चिरंजीव हरिन ऐन उमेदीत गेले. हरिन यांच्या पत्नी विजया जयवंत, म्हणजेच पुढे ‘रंगायन’च्या प्रयोगांतून मराठी रंगभूमीला नवे वळण देणाऱ्या विजया मेहता. खाडिलकरांच्या गद्य नाटकाला संजीवनी देणारी सासू आणि नव्या प्रायोगिक रंगभूमीची सूत्रे हाती घेणारी सून एकाच घरात असाव्यात, ही घटना नाट्येतिहासाच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारी आहे. या दोन प्रवाहांतील नाते आजवर पुरेसे अभ्यासले गेलेले नाही.

१९८२ मध्ये ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मराठीतील अभिनेत्रींच्या आत्मकथनांची परंपरा समृद्ध आहे. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ त्यात जळजळीत अनुभवामुळे उठून दिसते. दुर्गाबाईंच्या लेखनाची प्रकृती भिन्न आहे. कांदेवाडीचे घर, तेथील माणसे आणि रीतिरिवाज यांचे त्यातील चित्रण एखाद्या सामाजिक इतिहासाइतके तपशीलवार आहे. स्वतःच्या दुःखाविषयी मात्र लेखिका हात राखून बोलते. काही वाचकांना हा संयम आखडतेपणाचा वाटला. तथापि ज्या स्त्रीने तारामतीचे दुःखही ताठ खांद्यांनी सोसले, तिच्याकडून वेगळ्या शैलीची अपेक्षा करणे बरोबर नव्हे. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकातील स्वल्पविरामही नजरेआड करू नये. लाड घराण्याची कन्या, खोटे घराण्याची सून, कुलीन घरातील पहिली, यांपैकी एकही ओळख त्या ‘मी’च्या पुढे लेखिकेने जोडलेली नाही.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीच्या निमित्ताने २०१३ मध्ये टपाल खात्याने जी तिकिटे काढली, त्यांत त्यांचाही समावेश होता. त्यांचे चित्रपट बऱ्याच अंशी पाहता येतात. ‘भाऊबंदकी’ आणि ‘राजमुकुट’ यांच्या प्रयोगांची गोष्ट तशी नाही. ज्या प्रेक्षकांनी गिरगावात बसून ती आनंदीबाई पाहिली, त्यांच्यापैकी फार थोडे आता हयात असतील, आणि त्यांच्या आठवणी नोंदवून घेण्याचे काम अजून शिल्लक आहे.